हेतू कळला, आता पुराव्याचं काय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं इतिहासाची पुस्तकं आणि गाजलेली भाषणं कशी वाचावीत याबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या वाचनकट्ट्यावर डॉ. आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचलं. सगळ्यांना भावलं, पण चर्चा ‘केवढे द्रष्टे होते’ याच्या पुढे सरकेना. भाषणाचं विश्लेषण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? (सांगली)

उत्तर : टाळ्यांची वाक्यं आधी बाजूला ठेवा. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकणार आहोत, राजकारणात समता आणि समाजात व अर्थकारणात विषमता, हा भाग भाषणात उशिरा येतो. त्याआधी बराच वेळ बाबासाहेब आकडे सांगत आहेत : किती दिवस, किती कलमं, किती दुरुस्त्या. कट्ट्यावर नेमकी हीच पानं भराभर उलटली जातात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. पुरावा कसा रचला जातो ते आकड्यांत सगळ्यांत उघड दिसतं.

छापील प्रत आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक परिच्छेदापाशी समासात तीनच गोष्टी लिहा : हे कोणाला उत्तर आहे, दावा काय आहे, दाव्याला आधार काय दिला आहे. गाजलेली बहुतेक भाषणं कुठल्या तरी आरोपाचं उत्तर असतात. आरोप कळला नाही तर भाषण नुसता सुविचारांचा संग्रह वाटतो. इथे आरोप होता की सभेने उगाच वेळ काढला आणि जनतेचा पैसा उधळला.

त्यावर ते चार देशांचे दाखले देतात. अमेरिकेची परिषद २५ मे १७८७ ला भरली आणि १७ सप्टेंबरला काम उरकलं. कॅनडाला ऑक्टोबर १८६४ ते मार्च १८६७ अशी दोन वर्षं पाच महिने लागली, ऑस्ट्रेलियाला मार्च १८९१ ते जुलै १९०० अशी नऊ वर्षं, दक्षिण आफ्रिकेला ऑक्टोबर १९०८ ते सप्टेंबर १९०९ असं साधारण एक वर्ष. यावरून ते म्हणतात की अमेरिका आणि दक्षिण आफ्रिकेपेक्षा आपल्याला जास्त वेळ लागला हे खरं. पण कॅनडापेक्षा जास्त लागला नाही आणि ऑस्ट्रेलियापेक्षा तर फारच कमी लागला.

इथे थांबा आणि वजाबाकी करा. भाषणाच्या पहिल्याच वाक्यात ते सांगतात की ९ डिसेंबर १९४६ ला सभा पहिल्यांदा भरली त्याला दोन वर्षं, अकरा महिने, सतरा दिवस होत आहेत. हा काळ कॅनडाच्या दोन वर्षं पाच महिन्यांपेक्षा अधिक आहे. मग ‘कॅनडापेक्षा जास्त नाही’ कसं? मसुदा समिती २९ ऑगस्ट १९४७ ला नेमली गेली. तिथून मोजलं तर सव्वादोन वर्षं भरतात आणि विधान बसतं. पण आपण तिथून मोजतो आहोत असं ते भाषणात म्हणत नाहीत. पुरावा तपासणं म्हणजे हेच : घड्याळ कधी सुरू केलं आणि कधी थांबवलं ते बघणं.

थांबवण्याच्या वेळाही सारख्या नाहीत. बाकी तिघांचं घड्याळ कायदा झाला तेव्हा थांबतं. अमेरिकेचं मात्र मसुद्यावर सह्या झाल्या तिथेच. नऊ राज्यांची मान्यता मिळून तो अमलात येण्याजोगा झाला जून १७८८ मध्ये, म्हणजे तेरा महिन्यांनी. तो आकडा घेतला असता तर बाबासाहेबांची बाजू उलट बळकट झाली असती. तेव्हा सोयीचे तेवढेच आकडे वेचले, हा आक्षेप अमेरिकेपुरता टिकत नाही. ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत मात्र १८९१ पासून मोजणं त्यांच्या पथ्यावर पडतं, कारण तिथली निर्णायक परिषद १८९७-९८ ची.

यापेक्षा भक्कम आधार त्यांनी त्याच भाषणात दिला आहे. अकरा अधिवेशनं मिळून सभा १६५ दिवस बसली आणि त्यांतले ११४ दिवस मसुद्यावरच्या चर्चेत गेले. मसुद्यात ३१५ कलमं होती, अखेरीस ३९५ झाली. सुमारे ७,६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. ११४ दिवसांत २,४७३ म्हणजे दिवसाला एकवीसच्या वर. वेळ वाया गेला या आरोपाला खरं उत्तर हे. राज्यघटना चांगली आहे की नाही हे मात्र यांतल्या कुठल्याच आकड्यावरून ठरत नाही, आणि तसा त्यांचा दावाही नाही.

दुसरी जागा आहे इतिहासाच्या दाखल्यांची. भारताने स्वातंत्र्य पूर्वीही गमावलं ते आपल्याच माणसांच्या फितुरीमुळे किंवा उदासीनतेमुळे, हे सांगताना ते पाच प्रसंग देतात : सिंधचा राजा दाहिर याच्या सरदारांनी महंमद बिन कासिमच्या हस्तकांकडून घेतलेली लाच, कनोजच्या जयचंदाने महंमद घोरीला दिलेलं निमंत्रण, शिवाजी महाराज लढत असताना मोगलांच्या बाजूने उभे राहिलेले मराठे सरदार आणि रजपूत राजे, इंग्रज शीख सत्ता मोडत असताना गप्प बसलेला गुलाबसिंग, आणि १८५७ मध्ये तटस्थ पाहत राहिलेले शीख. या पाचांना एकाच तागडीत घालू नका. तिसऱ्याला समकालीन कागदांचा भरभक्कम आधार आहे : मिर्झाराजे जयसिंगाची मोहीम, १६६५ चा पुरंदरचा तह, त्यात गेलेले २३ किल्ले. चौथ्याच्या पाठीशी मार्च १८४६ चा अमृतसरचा तह आहे. त्यात गुलाबसिंगाला ७५ लाख रुपयांना काश्मीर मिळालं. दाहिरची हकिगत मुख्यतः ‘चचनामा’ या फारसी ग्रंथातून येते आणि तो आज मिळतो त्या रूपात प्रसंगानंतर पाचशे वर्षांनी तयार झाला. जयचंदाच्या निमंत्रणाची कथा नंतरच्या भाटकाव्याची आहे, तिला समकालीन पुरावा नाही. पाचवा दाखला तर सौम्य करून सांगितलेला आहे : १८५७ मध्ये शीख पलटणी नुसत्या पाहत नव्हत्या, इंग्रजांकडून लढत होत्या.

मग युक्तिवाद कोसळला का? नाही. आपल्यातले लोक शत्रूला मिळाल्याने सत्ता गेली, एवढं दाखवायला दोन पक्के प्रसंग पुरतात. बाकीचे तीन श्रोत्यांना शाळेपासून तोंडपाठ होते म्हणून आले आहेत. वक्ता इतिहासकाराचं काम करत नसतो. त्याला सभागृहात बसलेल्यांच्या मनात आधीपासून असलेली गोष्ट जागी करायची असते. म्हणून कट्ट्यावर दोन रकाने करा : हा दाखला इतिहास म्हणून कितपत टिकतो, आणि भाषणात तो कोणतं काम करतो. दोन्हींची उत्तरं पुष्कळदा वेगळी येतात. त्यात वक्त्याचा अपमान नाही.

आता हेतू. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो. ‘देशप्रेम जागवणे’, ‘लोकांना प्रेरणा देणे’ असा हेतू लिहिला की समजा काम झालेलंच नाही, कारण तो कुठल्याही भाषणाखाली चिकटवता येतो. आधी प्रसंग बघा. हे चर्चेला दिलेलं शेवटचं उत्तर होतं. दुसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, सभेने संविधान स्वीकारलं. बहुमत पक्कं होतं, तेव्हा मतं मिळवण्यासाठी हे भाषण नव्हतं. मग ते कोणासाठी? दोन खुणा सापडतात. एक, काँग्रेस पक्षाच्या शिस्तीमुळे काम सुरळीत झालं असं म्हणून ते लगेच ती शिस्त न जुमानणाऱ्यांचे आभार मानतात. कामत, शिब्बनलाल सक्सेना, के. टी. शाह, कुंझरू आणि आपले पंजाबराव देशमुख त्यात आहेत. सगळे होयबा असते तर सभा रंगहीन झाली असती, असा त्यांचा सूर आहे. दोन, शेवटच्या भागात ते सभेचा निरोप घेत नाहीत, इशारे देतात : मागण्यांसाठी आता घटनाबाह्य मार्ग सोडा, राजकारणात व्यक्तिपूजा नको, राजकीय लोकशाहीवर न थांबता सामाजिक लोकशाही आणा, नाही तर विषमतेत पिचलेली माणसं ही सारी रचना उधळून लावतील. आता हेतू असा लिहिता येतो : उद्यापासून राज्य चालवणाऱ्यांना सांगणं की राजकीय समतेने काम निम्मंच झालं आहे आणि उरलेलं टाळलं तर झालेलंही जाईल. हे वाक्य दुसऱ्या भाषणाखाली चालणार नाही. हीच त्याची कसोटी.

प्रश्न : ‘ही राज्यघटना जाळणारा पहिला मी असेन’ असं बाबासाहेब म्हणाले होते, असा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत येतो. कोणी म्हणतं बनावट, कोणी म्हणतं खरं. कसं ठरवायचं? (नागपूर)

उत्तर : बोलले होते, राज्यसभेत, २ सप्टेंबर १९५३ ला. पण ‘खरं की बनावट’ एवढ्यावर अवतरणाची तपासणी संपत नाही. चार गोष्टी बघायच्या असतात आणि त्यांचा क्रम चुकवायचा नाही.

पहिली, मूळ नोंद. संसदेतल्या भाषणांचं शब्दशः इतिवृत्त छापलेलं असतं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १५ व्या खंडात त्यांची संसदेतली भाषणं आहेत. ग्रंथालयात तो मागा. दुसरी, चर्चा कशावर होती. त्या दिवशी विषय आंध्र राज्याच्या विधेयकाचा होता आणि बाबासाहेब अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी राज्यपालाला अधिकार असावेत असं मांडत होते. तिसरी, वाक्याच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन परिच्छेद. आधी ते म्हणतात की मला जे करायला सांगितलं ते मी मनाविरुद्ध केलं. नंतर म्हणतात की घटना चालवायची असेल तर बहुसंख्याक आणि अल्पसंख्याक दोन्ही आहेत हे विसरून चालणार नाही. चौथी, नंतरचं स्पष्टीकरण. १९ मार्च १९५५ ला राज्यसभेतच एका सदस्याने या विधानाची आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले की देवासाठी मंदिर बांधलं आणि देव बसण्याआधीच दैत्याने त्याचा ताबा घेतला, तर मंदिर पाडण्यावाचून काय उरतं?

हे सगळं वाचल्यावर वाक्य खरं ठरतं, पण फिरणाऱ्या मजकुराचा अर्थ उरत नाही. पाठवणाऱ्याला म्हणायचं असतं की बाबासाहेबांनी संविधान नाकारलं. वक्त्याचं गाऱ्हाणं होतं की ज्यांच्या रक्षणासाठी ते होतं त्यांचं रक्षण होत नाही. आणि १९५५ चं स्पष्टीकरण पुढे करून १९५३ चा राग पुसूनही टाकू नका. तो राग खरा होता. दीड वर्षानंतरची नोंद त्यांनी पुढे त्याचा काय अर्थ लावला ते सांगते, त्या दिवशी मनात काय होतं ते नव्हे.

प्रश्न : एम.ए.च्या प्रकल्पासाठी शिवाजी महाराजांवरची सभासद बखर घेतली आहे. एक प्राध्यापक म्हणतात, राजाच्या सांगण्यावरून लिहिलेली, म्हणजे पुरावा म्हणून बाद. दुसरे म्हणतात, महाराजांच्या काळातला माणूस, म्हणजे विश्वसनीय. मी काय लिहू? (ठाणे)

उत्तर : दोघांचीही कारणं खरी आहेत. निष्कर्ष दोन्ही चुकीचे. अख्खी बखर विश्वसनीय किंवा अविश्वसनीय नसते. एकेक विधान असतं.

कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर १६९७ च्या सुमारास जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. त्या वेळी मोगलांचा वेढा चालू होता आणि पुढच्याच वर्षी किल्ला पडला. थोरल्या महाराजांनी चार पातशाह्यांना दाब दिला असताना औरंगजेबाने येऊन एवढे किल्ले कसे घेतले, हा राजारामाचा प्रश्न बखरीच्या सुरुवातीलाच आहे. तेव्हा हेतू शोधत बसायला नको. लेखकाला राज्य कसं उभं राहिलं ते सांगून ते पुन्हा उभं राहू शकतं हे दाखवायचं आहे.

हा हेतू लक्षात ठेवून मजकुराचे गट पाडा. एक गट पराक्रमाच्या प्रसंगांचा : संवाद, शत्रूच्या फौजेचे आकडे, देवीचे दृष्टांत. इथे हेतूचं वजन सर्वाधिक आहे. संवाद कोणी टिपून घेतलेले नाहीत आणि शत्रूची फौज फुगली की विजयही फुगतो. दुसरा गट घटनांच्या क्रमाचा. सभासद तारखा क्वचितच देतो आणि प्रसंग मागेपुढे करतो, म्हणून क्रमासाठी त्याच्यावर विसंबू नका. तारीखवार नोंदींची जेधे शकावली जवळ ठेवा. तिसरा गट कारभाराचा. बखरीचं सोनं इथे आहे. घोडदळाची रचना बघा : २५ बारगिरांवर (सरकारी घोड्यावरच्या स्वारांवर) एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांचा एक हजारी. गुणाकार केला तर हजारीखाली १,२५० येतात. नुसतं भव्य काहीतरी रचायचं असतं तर लेखकाने हजार हा गोल आकडा साधला असता. आडनिडा आकडा निघणारी पायरी-पायरीची मांडणी ही कारभार जवळून पाहिलेल्याची खूण आहे. शिवाय, हवालदाराखाली २५ होते की ३० यावरून महाराजांची कीर्ती कमी-जास्त होत नाही. लेखकाला ज्यात काही जिंकायचं नसतं ते बहुधा खरं असतं. आणि जे त्याच्या धन्याला अडचणीचं असून त्याने लिहिलं आहे, त्याला त्याहून जास्त वजन द्या.

बखरीच्या समोर काय ठेवायचं, हा पुढचा प्रश्न. पुष्कळ विद्यार्थी इंग्रजी वखारीची पत्रं आणतात आणि ‘निःपक्ष समकालीन पुरावा’ असा शिक्का मारतात. समकालीन आहेत, निःपक्ष नाहीत. जानेवारी १६६४ च्या सुरतेच्या लुटीनंतर तिथल्या इंग्रजांनी कंपनीला लिहिलं, तेव्हा आपण वखार शौर्याने राखली हे ठसवण्यात त्यांचा सरळ फायदा होता; औरंगजेबाकडून जकातीत सवलत मिळाली ती याच कामगिरीसाठी. म्हणून लूट झाली, केव्हा झाली, शहराचा सुभेदार किल्ल्यात जाऊन बसला, एवढं त्यांच्याकडून घ्या. आपल्या शौर्याबद्दल ते जे सांगतात ते दुसरीकडे ताडून बघा.

एक धोका टाळा. मल्हार रामराव चिटणिसाची बखर १८१० च्या सुमाराची, महाराजांच्या निधनानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी लिहिलेली. सभासदात आणि चिटणिसात एकच गोष्ट आली म्हणजे दोन साक्षीदार झाले, असं नव्हे. नंतरच्याने आधीचं वाचलं असेल तर साक्षीदार एकच. चिटणीस हा महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांचा वंशज. त्या घराण्याच्या कामगिरीची वर्णनं दुसऱ्या आधाराशिवाय उचलू नका.

प्रकल्पात एकेका विधानापुढे हेतूचा परिणाम, दुसरा स्वतंत्र आधार आणि तुमचा निर्णय हे तीन रकाने करा. वीस विधानं तपासलीत तरी ‘बखरीचे महत्त्व’ या मथळ्याच्या पंधरा पानांपेक्षा काम वजनदार होईल.

प्रश्न : शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं शिकलो. मग शिवजन्माचा शक १५५१ असताना १६२९ न येता १६३० का? (कोल्हापूर)

उत्तर : कारण तिथी फाल्गुन वद्य ३ आहे. शक चैत्रात बदलतो, इसवी सन १ जानेवारीला. चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारीनंतर वर्ष संपेपर्यंत ७९. पौष हा फसवा महिना, तो बहुधा डिसेंबर आणि जानेवारी दोन्हीत पडतो; तिथे पंचांगाची जंत्री बघितल्याशिवाय लिहू नका. पानिपतची तिथी पौष शुद्ध ८, शक १६८२. ती १४ जानेवारी १७६१, म्हणजे ७९. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शक १५९६, म्हणजे ७८ मिळवून १६७४.

याहून जास्त चुका होतात त्या दिनदर्शिकेच्या. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख आहे. नव्या ग्रेगोरियन पद्धतीने ती १ मार्च येते. इंग्रज सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी पद्धत पाळत होते, गोव्यातले पोर्तुगीज सोळाव्या शतकातच नव्या पद्धतीवर गेले होते. सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचं अंतर आहे. त्यामुळे एकाच घटनेची राजापूरच्या इंग्रजाची तारीख आणि गोव्याच्या पोर्तुगिजाची तारीख जुळत नाही म्हणून कोणालाही खोटं ठरवू नका. आधी दहा मिळवून बघा. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. सुरतेची लूट त्यांच्या कागदांत जानेवारी १६६३/६४ अशी दिसते. तिरकी रेघ गाळून १६६३ छापलेली पुस्तकं आहेत.

पेशवाईच्या पत्रांत शकाऐवजी सुहूर सन ही वेगळी कालगणना अरबी शब्दांत येते, एकं-दहं-शतं-सहस्र अशा क्रमाने. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, एकूण ११६१. यात ५९९ किंवा ६०० मिळवा. सुहूर वर्ष मृगाला, मे अखेर-जूनच्या सुरुवातीला बदलतं; तिथपासून डिसेंबरपर्यंत ५९९, जानेवारीपासून पुढे ६००. म्हणजे हे पत्र पानिपतच्या धामधुमीतलं, १७६०-६१ चं. तारखेच्या आधीचं ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातला दिवस. आणि पुष्कळ पत्रांवर साल नसतंच. छापील खंडात जे साल दिसतं ते संपादकाचा अंदाज असू शकतो. ते कंसात आहे का बघा.

प्रश्न : महात्मा फुले ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ज्या भाषेत बोलतात आणि शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात ज्या भाषेत बोलतात, त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरे फुले कोणते? (अहिल्यानगर)

उत्तर : दोन्ही. दोन्ही लेखन अवघ्या वर्षाच्या अंतरातलं आहे. निवेदन ऑक्टोबर १८८२ चं, असूड १८८३ मध्ये पुरा झाला. त्यामुळे विचार बदलले, हे कारण लागू पडत नाही. बदलला तो ऐकणारा. आयोगापुढे ते आधी आपला शाळा चालवण्याचा अनुभव सांगतात, म्हणजे साक्ष देण्याचा अधिकार सिद्ध करतात, आणि मग मोजता येईल असं मागतात : वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, शिक्षकाला किमान १२ रुपये पगार, मोठ्या गावी १५ ते २०, अभ्यासात मोडी आणि बाळबोध, हिशेब, शेतीची माहिती. समिती अहवालात उचलून घेईल अशी ही मागणी आहे. असूडात श्रोता शेतकरी आहे. तिथे विद्या नसल्याने मती, नीती, गती, वित्त अशी एकामागून एक पडझड सांगितली आहे, आणि कारकुनांवर विसंबून राहणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही सोडलेलं नाही.

उपयोगी वाचन असं : दोन्हींत सामाईक काय आहे ते आधी काढा. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा फायदा वरचे वर्ग घेतात, हा मुद्दा दोन्हीकडे आहे. तो फुल्यांचा गाभा. जे एकाच ठिकाणी आहे ते त्या श्रोत्यासाठी.

प्रश्न : दुकानात उभ्या उभ्या ऐतिहासिक पुस्तक बरं की वाईट हे कसं ओळखावं? (पुणे)

उत्तर : मधलंच एखादं पान उघडा आणि ठाम विधान शोधा, आकडा किंवा तारीख असलेलं. त्याला तळटीप आहे का? तिच्यात ‘राजवाडे, मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ एवढंच असेल तर उपयोग नाही. त्या मालेचे २२ खंड आहेत. खंड आणि लेखांक दोन्ही हवेत. मग तीन-चार पानांच्या तळटिपा बघा. सगळ्या एकाच दुय्यम ग्रंथाकडे बोट दाखवत असतील तर तोच ग्रंथ विकत घ्या. गुप्त खलबतांतले संवाद अवतरणचिन्हांत असतील तर ती कादंबरी आहे, मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो.

प्रस्तावना वाचताना लेखक कोणाला खोडून काढतो आहे ते बघा. ग्रँट डफ हा साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट होता, १८२६ मध्ये त्याचा इतिहास आला आणि मराठी सत्तेचा उदय त्याने सह्याद्रीत पेटलेल्या वणव्यासारखा रंगवला. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये तो उदय अपघाती नव्हता हे दाखवायलाच पुस्तक लिहिलं. प्रतिवादी माहीत असला की कुठे जास्त जोर पडला आणि कुठे घाईने पुढे गेले ते ओळखता येतं. आणि ‘पेशवे दप्तरातून’ असं अभिमानाने लिहिलेलं असेल तर मूळ दप्तर पाहिलं की सरदेसाईंनी संपादित केलेले ४५ निवडक खंड, ते ऋणनिर्देशात सापडतं. निवडलेले कागद म्हणजे त्या संपादकाला १९३० च्या दशकात महत्त्वाचे वाटलेले कागद. लढाया आणि मोहिमांना त्यांत भरपूर जागा आहे, म्हणून पुस्तक गावगाड्यावर किंवा बाजारभावांवर असेल आणि आधार तेवढ्याच खंडांचा असेल, तर परत फडताळात ठेवा.